लज्जा कोणाची, दंड कोणाला?

नीतिशास्त्रांतील पुष्कळसे प्रश्न ग्रंथांत जितके सोपे दिसतात, तितके ते शाळेच्या दारांत सोपे राहत नाहींत. अपराध आणि दुर्दैव यांतील भेद कागदावर सहज काढतां येतो. परंतु पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी दप्तर घेऊन वर्गाच्या दाराशीं उभी आहे, ती गरोदर आहे हें सर्वांना कळून चुकलें आहे, आणि तिला आंत घ्यावें कीं परत पाठवावें याचा निर्णय मुख्याध्यापकास घंटा होण्यापूर्वीं करावयाचा आहे, अशा वेळीं तो भेद कसा करावयाचा? हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओन या देशाच्या सरकारनें त्याला एक उत्तर दिलें, पांच वर्षें तें अमलांत आणलें, आणि अखेर तें मागें घेतलें. परभूमीवर घडलेली ही हकीकत आपल्याच घरांतील कांहीं गोष्टी अधिक स्पष्टपणें दाखवील, असें वाटल्यावरून ती वाचकांपुढें ठेवीत आहें.

२०१४ सालच्या मे महिन्यांत इबोला या प्राणघातक तापाची सांथ त्या देशांत शिरली. ती हटेपर्यंत सुमारें चार हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. शाळा कित्येक महिने बंद राहिल्या; बाजार, प्रवास व शेतीचीं कामें अडलीं; अनेक घरांतील कमावतीं माणसें गेलीं; रोगाच्या भयानें लोक दवाखान्याची पायरी चढेनासे झाले. अशा दिवसांत घरोघरच्या मुली कोणाच्या आधारानें राहिल्या असतील, याची कल्पना करणें कठीण नाहीं. कोणी बलात्काराला बळी पडल्या. कोणी पोटाला अन्न आणि घराला चार पैसे मिळावे म्हणून एखाद्या वयस्क पुरुषाच्या आश्रयाला गेल्या. कोणी आपल्याच वयाच्या मुलावर जीव जडविला. कारणें निरनिराळीं, परिणाम मात्र एकच. १४ एप्रिल २०१५ रोजीं शाळा पुन्हां उघडल्या. त्या सुमारास सरकारनें जाहीर केलें कीं, ज्या मुली गरोदर असल्याचें दिसत असेल त्यांना नेहमींच्या शाळेंत बसतां येणार नाहीं व सार्वजनिक परीक्षाहि देतां येणार नाहींत. या मुलींच्या सहवासाचा निष्पाप मुलींवर वाईट परिणाम होईल आणि त्यांना स्वतःलाहि वर्गांत उपहास सोसावा लागेल, अशीं कारणें देण्यांत आलीं.

हुकूम निघाला म्हणजे तो बजावणारे हातहि लागतात. ‘अॅम्नेस्टी इंटरनॅशनल’ या संस्थेनें नोव्हेंबर २०१५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असें नमूद आहे कीं, कांहीं शाळांतून मुलींचीं पोटें व स्तन चांचपून पाहण्यांत आले, आणि कांहीं मुलींना लघवीची तपासणी करून घ्यावी लागली. ज्या गरोदर नव्हत्या त्याहि या विटंबनेंतून सुटल्या नाहींत. पुढें त्याच वर्षीं परदेशी मदतीनें या मुलींसाठीं वेगळे वर्ग निघाले. परंतु ते आठवड्यांतून थोडेच दिवस भरत व त्यांत मोजकेच विषय शिकविले जात. वेगळा पाणवठा कितीहि सद्‌बुद्धीनें बांधून दिला तरी तो वेगळेपणाच शिकवितो, हें आपल्या समाजाला निराळें सांगावयास नको.

‘अकालीं मातृत्वाचे दुष्परिणाम’ हा शब्दप्रयोग आपण नेहमीं ऐकतों. परंतु तो उच्चारण्यापूर्वीं एक गोष्ट विचारावयास हवी. हे परिणाम नक्की कशाचे? गर्भाचे, कीं गर्भ राहिल्यावर त्या मुलीशीं आपण जें वागतों त्याचे? ताप आला म्हणजे मनुष्य अशक्त होतो, हा तापाचा परिणाम. पण ताप आलेल्या माणसाला घराबाहेर पावसांत नेऊन ठेविलें आणि तो दगावला, तर त्या मृत्यूचें खापर एकट्या तापाच्या माथीं फोडतां येणार नाहीं. हा भेद केल्याखेरीज या विषयांत कोणताहि न्याय्य निर्णय होऊं शकत नाहीं, आणि बहुतेक वेळां तोच करावयाचा राहून जातो.

शरीरावरील परिणाम खरे आहेत, आणि ते लपवून कोणाचेंहि कल्याण होणार नाहीं. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, दहा ते एकोणीस वर्षांच्या मातांना वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपेक्षां बाळंतपणांत झटके येण्याचा, गर्भाशयास सूज येण्याचा व सर्वांगांत जंतुविकार पसरण्याचा धोका अधिक असतो. त्यांचीं मुलें कमी वजनाचीं किंवा अपुऱ्या दिवसांचीं जन्मण्याचा संभवहि अधिक असतो. यास्तव या वयांतील मातृत्व इष्ट आहे असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. परंतु येथेंहि एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. यांतील बराचसा धोका वेळेवर तपासणी व उपचार झाल्यास कमी करतां येतो. आणि ज्या मुलीला आपली स्थिति उघडकीस आली कीं शाळा सुटणार हें ठाऊक आहे, ती वेळेवर तपासणीला येत नाहीं. ती सैल कपडे घालते, पोट आवळून बांधते, आजारपणाचीं खोटीं कारणें सांगते. ज्या महिन्यांत तिला वैद्याची सर्वांत अधिक गरज असते, तेच महिने ती लपण्यांत घालविते. म्हणजे शरीराच्या धोक्यांतहि लज्जेचा वांटा आहेच.

मनावरील परिणाम अधिक सूक्ष्म आहेत. किशोरवय म्हणजे ‘मी कोण?’ या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचें वय. एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञानें तर या वयाचें मुख्य कार्य हेंच मानलें आहे कीं, व्यक्तीनें या काळांत आपलें असें एक स्वरूप घडवावें. या घडणीला सवड लागते. चुकण्याची आणि चूक सुधारण्याची मुभा लागते. गरोदर राहिलेल्या शाळकरी मुलीची ही सवड एकाएकीं संपते. काल ती कोणाची तरी मैत्रीण होती, गणितांत हुशार होती, चित्रें चांगलीं काढीत होती; आज तिच्याविषयीं लोकांना एकच गोष्ट ठाऊक असते. मैत्रिणींच्या आया आपल्या मुलींना तिच्याकडे जाऊं देत नाहींत. घरांत ती आली कीं बोलणें थांबतें. तिच्या सोबतिणी पुढच्या इयत्तेचा, परीक्षेचा, सुटीचा विचार करीत असतात. तिच्यापुढें मात्र एकच तारीख असते, आणि त्या तारखेच्या पलीकडे काय आहे हें तिला कोणीहि सांगत नाहीं. अशा एकांतांतून खिन्नता, निद्रानाश, स्वतःच्या देहाविषयीं घृणा, आणि कधीं कधीं जीव द्यावा असा विचारहि उत्पन्न होतो. याच्या उलट, मूल झाल्यावर आयुष्यांत प्रथमच कांहीं तरी आपलें आहे असें वाटून ज्यांचा निश्चय दृढ झाला, अशाहि मुली आहेत. या दोन प्रकारच्या मुलींत गर्भ समानच होता. बहुधा भेद होता तो भोंवतालच्या माणसांत.

सामाजिक परिणामांविषयीं तर दोन अभ्यास विशेष विचार करण्याजोगे आहेत. फ्रँक फर्स्टेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें बाल्टिमोर शहरांतील सुमारें तीनशें किशोरवयीन मातांचा मागोवा १९६० नंतरच्या दशकांत घेण्यास आरंभ केला, आणि सतरा वर्षांनंतरची त्यांची स्थिति पाहून १९८७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. ‘एकदां पाऊल घसरलें कीं जन्माचें वाटोळें’ हा लोकसमज तेथें पुष्कळ अंशीं खोटा ठरला. अनेकींनीं पुढें शिक्षण पुरें केलें होतें, नोकऱ्या धरल्या होत्या, आणि सरकारी मदतीवांचून त्या संसार चालवीत होत्या. शिक्षण चालू राहणें, दुसरें मूल लवकर न होणें आणि आईबापांची ऐपत या गोष्टींनीं त्यांच्या आयुष्यांत मोठा फरक पाडला होता. दुसरा अभ्यास अर्लीन जेरोनिमस व सँडर्स कोरेनमन यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केला. एकाच घरांत वाढलेल्या सख्ख्या बहिणींपैकीं एक किशोरवयांत आई झाली व दुसरी उशीरां, अशांची त्यांनीं तुलना केली. तेव्हां जें दैन्य आजवर लवकरच्या मातृत्वाचें फळ म्हणून समजलें जात होतें, त्यांतील बराच भाग त्या घरांत आधींपासूनच होता असें त्यांना आढळलें. या निष्कर्षावर पुढें विद्वानांत वाद झाले, आणि लवकरच्या मातृत्वानें कांहींच नुकसान होत नाहीं असें त्यावरून म्हणतां यावयाचें नाहीं. तथापि एवढें खरें कीं, दारिद्र्य हें अनेकदां या संकटाचें कारण असतें, आणि आपण मात्र त्याला केवळ परिणाम समजून त्या मुलीच्या नांवावर मांडतों.

आतां मुलीला शाळेबाहेर काढणाऱ्यांच्या युक्तिवादाकडे वळूं. तो सर्वस्वी दुष्ट बुद्धीचा नाहीं. पुष्कळ सज्जन आईबापांना तो मनापासून पटतो, म्हणूनच त्याचा विचार नीट केला पाहिजे. त्यांचें पहिलें म्हणणें असें कीं, उदाहरण सांसर्गिक असतें. एकीला वर्गांत ठेविलें तर इतरांच्या मनांतील भीड चेपेल. परंतु सिएरा लिओनमध्यें इबोलाच्या काळांत मुलींना खरोखर कशानें वांचविलें, याचा पुरावा उपलब्ध आहे. ‘ब्रॅक’ या बांगलादेशांत जन्मलेल्या संस्थेनें तेथील कांहीं खेड्यांत मुलींची मंडळें चालविलीं होतीं. एक सुरक्षित खोली, थोडी मोठी अशी एक मार्गदर्शक तरुणी, आरोग्याची माहिती आणि पोटापाण्याच्या कामाचें थोडें शिक्षण, एवढेंच त्यांचें भांडवल. सांथीनें ज्या खेड्यांचें जीवन अधिक विस्कळित झालें, त्यांतील मंडळें असलेल्या गांवांत गरोदरपणाचें प्रमाण इतरत्र वाढलें तसें वाढलें नाहीं, आणि शाळेंत परतणाऱ्या मुलीहि अधिक निघाल्या. मुलींचें रक्षण जागेनें, ज्ञानानें व वडील बहिणीसारख्या माणसानें केलें. गरोदर मैत्रिणीला दृष्टीआड केल्यानें नव्हे. आणि उदाहरणाचीच गोष्ट काढावयाची, तर जिचे पाय सुजले आहेत आणि तरीहि जी बीजगणित सोडवीत बसली आहे, अशी शेजारीण रिकाम्या बाकापेक्षां अधिक कांहीं शिकवील.

दुसरें म्हणणें शिस्तीचें. नियम मोडला तर शिक्षा नको काय? हवी, पण शिक्षा न्याय्य ठरण्यास अपराध सिद्ध व्हावा लागतो, आणि समान अपराधाला समान शिक्षा व्हावी लागते. सिएरा लिओनच्याच २०१२ सालच्या कायद्याप्रमाणें अठरा वर्षांखालील व्यक्तीची संमति ही संमतीच नव्हे. म्हणजे ज्या मुलीला न्यायालय पीडित समजतें, तिलाच शाळा अपराधी ठरवीत होती. शिवाय तिच्या पोटांतील मुलाचा बाप कदाचित् त्याच शाळेंत, कदाचित् त्याच वर्गांत, आपल्या बाकावर बसून परीक्षेची तयारी करीत असेल. निसर्गानें पुरावा एकीच्याच अंगावर ठेविला, म्हणून न्यायानें शिक्षाहि एकीलाच करावी काय? सरकारी हुकुमांतील अट तर गरोदरपण ‘दिसण्याची’ होती. जें लपलें तें निभावलें. तेव्हां शिक्षा कृत्याची नसून दिसण्याची होती. आणि दिसण्याबद्दल शिक्षा करणारा समाज नीति शिकवीत नसून लपविण्याची कला शिकवितो.

तिसरें म्हणणें कींव करणाऱ्यांचें. वर्गांत तिला मुलें हंसतील, त्यापेक्षां तिनें घरींच राहिलेलें बरें. येथें हंसणाऱ्यांचा दोष मान्य केला आहे, आणि त्याचें प्रायश्चित्त मात्र जिला हंसावयाचें तिला दिलें आहे. मास्तरांचें काम वर्गाला हंसूं न देण्याचें आहे. आणि तें एका तासांत होण्यासारखें नसलें, तरी शाळा ही संस्था अशाच दीर्घ कामांसाठीं आहे.

हा विचार आपल्याकडे परदेशांतून आयात केलेला आहे, असें कोणीं समजूं नये. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. त्या काळीं पुष्कळ विधवा वयानें अजून मुलीच असत. त्यांपैकीं कोणीचें पाऊल वांकडें पडलें वा पाडण्यांत आलें, तर तिच्यापुढें विहीर, गर्भपाताचे अघोरी उपाय किंवा नवजात अर्भकाचा घात एवढेच मार्ग राहत. फुले दांपत्यानें तिला न विचारतां, न हिणवितां बाळंत होण्यास जागा दिली. त्याच गृहांत एका ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा यशवंत त्यांनीं दत्तक घेतला, आणि तो पुढें डॉक्टर झाला. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल प्रथम फांशीची शिक्षा झाली व मागून ती सौम्य करण्यांत आली. त्या प्रकरणावर वर्तमानपत्रांनीं स्त्रीजातीवर जो गहजब केला, त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिलें. दोघांच्या हातून घडलेल्या गोष्टीचा कलंक एकीलाच कां, हा त्यांचा प्रश्न मराठींतला आहे, आणि तो अद्याप अनुत्तरित आहे.

कारण आपल्याकडे या लज्जेचें आणखी एक विलक्षण अंग आहे. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं २१·९ टक्के स्त्रियांचीं लग्नें अठराव्या वर्षापूर्वीं झालीं होतीं. आणि अठराची मर्यादा तर कायद्यानें १९७८ सालींच घातली आहे. सोळा वर्षांची मुलगी मंगळसूत्र घालून गरोदर झाली तर तिची ओटी भरतात. मंगळसूत्रावांचून झाली तर तिचें तोंड पाहत नाहींत. देह तोच, वय तेंच, बाळंतपणांतील धोका तोच, आणि शाळा दोघींचीहि सुटते. एकीची गाजावाजानें, दुसरीची वाजंत्रीच्या गजरांत. यावरून असें अनुमान निघतें कीं, आपला संताप मुलीच्या झालेल्या नुकसानाबद्दल नसून आपली परवानगी न घेतल्याबद्दल आहे. मुलीच्या हिताची चाड असती, तर दोन्ही प्रसंगीं आपणांस सारखेंच दुःख झालें असतें.

सिएरा लिओनची कथा येथें पुरी केली पाहिजे. तेथील एका स्त्रीसंस्थेनें इतर संस्थांच्या साह्यानें हें प्रकरण पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयांत नेलें. १२ डिसेंबर २०१९ रोजीं त्या न्यायालयानें ही बंदी भेदभावाची ठरविली, ती उठविण्यास सांगितलें, आणि वेगळे वर्गहि बंद करण्याचा हुकूम दिला. ३० मार्च २०२० रोजीं सरकारनें बंदी मागें घेतली. दुसऱ्याच दिवशीं त्या देशांत करोनाचा पहिला रुग्ण सांपडला व शाळांना पुन्हां कुलुपें लागलीं. परंतु या वेळीं त्या उघडल्या तेव्हां दारांत पोट तपासणारें कोणी नव्हतें. टांझानियांतहि २०१७ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं, माता झालेल्या मुलींना सरकारी शाळेंत परत घेतलें जाणार नाहीं, असें जाहीरपणें बजाविलें होतें. नोव्हेंबर २०२१ मध्यें तेथील सरकारनें तें धोरण सोडलें. जमैकानें मात्र हा मार्ग फार पूर्वीं धरला. तेथें १९७८ सालीं निघालेल्या स्त्रीकेंद्रांत गरोदर मुलींचें शिक्षण चालू ठेवतात, बाळांसाठीं पाळणाघर असतें, आणि प्रसूतीनंतर मुलीला पुन्हां नेहमींच्या शाळेंत पोंचवितात. तेथील वेगळा वर्ग परतीच्या वाटेवरची धर्मशाळा आहे, हद्दपारीचें ठाणें नव्हे.

कायदा आपल्या देशांतहि हळूहळू जागा होत आहे. २०२१ सालच्या सुधारणेनें अल्पवयीन मुलीस चोवीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा मिळाली. २९ सप्टेंबर २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असेंहि सांगितलें कीं, अशा प्रसंगीं मुलीनें व तिच्या पालकांनीं विनंती केल्यास डॉक्टरानें पोलिसांस तिचें नांव कळविण्याचें कारण नाहीं. हें ठीकच झालें. परंतु चोवीस आठवडे म्हणजे साडेपांच महिने. आणि भयभीत मुलीचे साडेपांच महिने मौनांत कसे निघून जातात, हें तिलाच ठाऊक. कायद्यानें दवाखान्याचें दार उघडलें, तरी त्या दारापर्यंत तिला कोणी तरी हात धरून न्यावें लागतें. तो हात बहुधा आईचाच असावा लागतो.

म्हणून हा प्रश्न अखेर सरकारापेक्षां घरांत अधिक सुटावयाचा आहे. प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाला असें वाटतें कीं, असलें संकट आपल्या उंबरठ्याशीं येणार नाहीं. आणि बहुतेकांच्या बाबतींत तें येतहि नाहीं. परंतु शेजारच्या मुलीविषयीं आपण जेवतांना जे शब्द बोलतों, ते आपली मुलगी ऐकत असते. त्या शब्दांवरून ती मनांत ठरवीत असते कीं, आपल्यावर कधीं कांहीं बिकट प्रसंग आलाच, तर आईला प्रथम सांगावयाचें कीं अखेरीस. कठोर बोलण्यानें मुली सुरक्षित राहतात असें मानणाऱ्यांनीं एवढाच विचार करावा कीं, त्या बोलण्यानें संकट टळतें, कीं संकटांतली हांक तेवढी बंद होते.